काकूच्या नकाशावरच्या टिकल्या

“तो नकाशा आधी उतरवा, मग भिंत घासायला घ्या,” आत्या आत रंगाऱ्याला सांगत होती. मी पडवीत महेशदादासमोर चहा ठेवत होते. तो आदल्याच दिवशी आखातातून घरी आला होता. त्याची आई, माझी काकू, जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. दादा चहा तसाच ठेवून आत गेला. मीही गेले.

नकाशा त्याच्याच शाळेच्या दिवसांतला. दादा तेलाच्या टँकर-जहाजावर नोकरीला लागल्यापासून काकू रोज संध्याकाळी, जहाज जिथे असेल तिथे, एक लाल टिकली चिकटवायची. कपाळावरची काढून नकाशाला लावायची आणि पाकिटातली नवी स्वतःला. काका गेल्यावरही तिने टिकली सोडली नव्हती. कोणी कुजबुजलं तर म्हणायची, “माझा एक माणूस आहे ना अजून समुद्रावर.” जहाज कुठे आहे ते मोबाइलवर पाहून सांगायचं काम माझं. मी घरात बहुतेक गप्पच असे. काकू चिडवायची, “बोल गो मडमे! बापाने एवढ्या इंग्रजी शाळेत घातलंन, मला जहाज तरी शोधून दे.” काही दिवस तर मी तेवढंच मोठ्याने बोलायचे...

मग तिकडे आखातात युद्ध पेटलं. मिऱ्या बंदरावरच्या आमच्या वाडीतले तिघे जण त्या बाजूच्या जहाजांवर होते. दुबईला जायच्या हापूसच्या पेट्या अंगणात पडून पिकल्या, तरी कोणाला आंबा गोड लागेना. टीव्ही दिवसभर चालू. दादाचे फोन थांबले आणि एका संध्याकाळी मोबाइलवरचा त्याच्या जहाजाचा ठिपकाच नाहीसा झाला. काकू बोटावर टिकली घेऊन उभी होती.

“कुठे गो?”

“मस्कतच्या पुढे आलंय,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आणखी थोडं पुढे सांगावं लागलं. तिसऱ्या दिवशी आणखी. मी जमेल तितकं हळू आणत होते. “वल्हवत येतायत की काय मेले!” म्हणून काकू हसायची. हसतानाही तिला दम लागायचा. डॉक्टरांनी तिला कोल्हापूरला नेऊन हृदयाची तपासणी करायला सांगितलं होतं, बाबांनी गाडीही ठरवली होती. काकूने नकाशावर दोन बोटं टेकवून राहिलेलं अंतर पाहिलं. “एवढंच तर राहिलंय. महेश येऊ दे, त्याच्याबरोबर जाते.”

तेव्हा बोलायला हवं होतं... मी मोबाइलकडे बघत राहिले.

नववी टिकली लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकू विहिरीपाशी कोसळली. मी कॉलेजात होते. बाबांनी फोनवर दोनच शब्द सांगितले.

आता भिंतीपाशी उभा राहून दादा त्या शेवटच्या नऊ टिकल्यांवरून बोट फिरवत होता. शेवटची अगदी मुंबईजवळ होती. “ह्या कसल्या? आम्ही तर तिकडेच नांगर टाकून अडकलो होतो.”

“आईचा जीव रे,” आत्या म्हणाली. “आपल्या मनानेच जवळ आणलंन तुला.”

दादाने मान डोलावली. रंगारी खिळा उपटायला पुढे झाला. मी तेव्हाही गप्प राहिले असते, तर कोणाला काही कळलं नसतं.

“काकूने नाही, मी आणलं,” मी म्हटलं. “मला जहाज दिसतच नव्हतं, दादा. मी तिला खोटं सांगत होते, म्हणून ती तुझ्यासाठी थांबली.”