मोठ्यांसाठी काढलेला फलक

सीतारामजी मास्तर आमच्या गावच्या शाळेत रुजू झाले, त्याच महिन्यात ते आमच्या ओसरीवर जुनी कॅलेंडरं मागत आले. गावातले तंटे मिटावेत म्हणून त्यांना शांतीचे फलक काढायचे होते आणि कोरा कागद चामोर्शीच्या बाजारातही मिळत नव्हता. माझ्या कॅलेंडरांवर देव होते. मी म्हटलं, "देवाच्या पाठीवर रंग नका फासू जी." ते म्हणाले, "बाई, देवाच्या मागं शांती नाई बसवायची, तं कुठी बसवायची?" मी कॅलेंडरं दिली. भाताच्या पेजेची खळही करून दिली. वाया जात होती, म्हणून.

सगळ्या वयांना एकच चित्र दाखवून उपयोग नाही, असं मास्तरांचं मत. लहानांचा फलक वेगळा, जवानांचा वेगळा, मोठ्यांचा वेगळा. चित्र झालं की ते त्या त्या वयाच्या माणसांपुढे धरायचे, "काय दिसते?" एवढंच विचारायचे आणि ऐकून घ्यायचे. लहानांसाठी त्यांनी आधी चोचीत डहाळी धरलेलं पांढरं कबूतर काढलं. पोरं ओरडली, "मास्तर, हे आपलं धान चोरून राह्यलं. हाणू का?" मास्तर पोट धरून हसले. मग त्यांनी झुला काढला. झुल्यावरच्या पोरीच्या कपाळाला पट्टी आणि जिनं दगड मारला तीच मागून झोका देते आहे. जवानांसाठी चिखलात फसलेली बंडी काढली, चाकाला खांदा दिलेले दोन वैरी काढले. दोन्ही फलकांचं गावानं कौतुक केलं.

त्याच सुमारास बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, पाण्यावरून आमच्या घरात फूट पडली. माझे यजमान आणि मोठे दीर वेगळे झाले आणि आम्हा जावांचंही बोलणं बंद करण्यात आलं. जाऊबाई तापानं फणफणल्या आहेत हे मला मास्तरांनी येऊन सांगितलं. माझा काढा ते धोतराच्या सोग्यात धरून स्वतः घेऊन गेले. हा उपकार मी विसरलेले नाही.

मग त्यांनी मोठ्यांचा फलक चावडीवर लावला. लग्नाची पंगत, वाढलेली पानं, आणि मधल्या एका पत्रावळीपुढं कोणीच नाही. म्हाताऱ्या कवडूभाऊंनी विचारलं, "मास्तर, हे पान कोनाचं जी?" मास्तर म्हणाले, "तुमीच सांगा." कवडूभाऊंची नजर आमच्या घराकडे वळली.

माझे यजमान घरी येऊन कडाडले, "मास्तर आमचं हसं करून राह्यले!" पलीकडच्या घरात मोठे दीर हेच म्हणत होते. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोघं भाऊ त्या सकाळी बरोबर चावडीवर गेले आणि दोघांनी मिळून फलक फाडला. मास्तरांना हलवा, अशा अर्जावर सह्याही एकाखाली एक केल्या. मास्तरांची बदली सिरोंच्याकडे झाली. मास्तरांना तिथल्या पोरांची तेलुगू येत नव्हती. गावानं, म्हणजे आम्हीच, त्यांना निरोपाचा नारळसुद्धा दिला नाही. काम झाल्यावर दोघं भाऊ पुन्हा आपापल्या घरी बसले.

तीन वर्षांनी मास्तर परत आले. मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "बाई, फाडला, म्हंजे दिसला त्यायले."

आता मास्तरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. सत्कार समितीत माझे यजमान आहेत, मोठे दीरही आहेत. ते दोन टोकांना बसतात. मंडपात झुला लागणार आहे, बंडी लागणार आहे. तिसऱ्या फलकाचं विचारलं, तर "शुभ कार्यात ते काऊन?" असं उत्तर मिळालं. सत्काराच्या अंकासाठी चार गोड शब्द लिहा, असा मला निरोप आहे. हा लेख मी घरात न विचारता लिहिला आहे. मास्तरांकडून तो फलक मी पुन्हा काढून घेतला आहे आणि समारंभाच्या सकाळी तो मंडपात माझ्या हातानं चिकटवणार आहे. ज्यांना फाडायचा असेल, त्यांनी मास्तरांच्या देखत फाडावा.

सकाळच्या पूजेत मी मास्तरांसाठी शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य मागते. त्यात त्यांना सुख किती मिळेल, ठाऊक नाही. आमच्या गावाला मात्र ते रिकामं पान भरायला तेवढी वर्षं लागतील.