सोजरबाईचा जबाब

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही, हे आधीच सांगते. आमचं घर छप्पनपासून बौद्ध. वडील मुदखेडला रेल्वेत गँगमन होते. रुळावर कुणी गेलं की गोळा करायला त्यांनाच बोलवायचे. घरी येऊन अंगावर पाणी घेतलं की शांतपणे जेवायला बसायचे. "इतक्या मढ्यांना हात लावला, एकानं बी मला हाक मारली न्हाई," असं हसत सांगायचे. अशा घरातली मी. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते वाचून कुणी मला भोळी समजू नये. ही गोष्ट मी आजवर आपणहून फक्त माझ्या नवऱ्याला सांगितली होती. गावाचं नाव देत नाही, माणसांची नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसंच आहे.

लातूर जिल्हा उस्मानाबादमधून नुकताच वेगळा झाला होता. मी तेवीस-चोवीस वर्षांची, ज्युनिअर क्लार्क, पहिलीच नोकरी. कचेऱ्या तेव्हा मिळेल त्या जागेत बसत. आमची शाखा एका भाड्याच्या गोदामाच्या मागच्या खोलीत होती. वर पत्रे, एकच खिडकी, आणि उस्मानाबादहून ट्रकनं आलेले गठ्ठे भिंतीला छातीपर्यंत रचलेले. त्यातला स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचा गठ्ठा माझ्याकडे आला.

हे अर्ज ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. निजामाच्या राजवटीविरुद्ध जे लढले, तुरुंगात गेले, सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहिले, त्यांना किंवा त्यांच्या विधवांना पेन्शन मिळे. त्यासाठी अर्जाला जेलचा दाखला (बहुतेक उर्दूत), सोबतच्या दोन सैनिकांची प्रतिज्ञापत्रं, तलाठ्याचा वारस दाखला असं सगळं जोडावं लागे. पण अर्ज भरताना माणसं त्यात काय काय लिहून जात! कोणाचं मूल कॅम्पात दगावलं, कोण कोणाच्या घरात आठ दिवस ज्वारीच्या कणगीत लपून राहिला, कोणाची पहिली बायको वाट बघून माहेरी गेली... ज्या घरांचा कागदावर कुठेच मागमूस नाही, त्यांची वंशावळ या अर्जांत सापडते. आणि खोटंही सापडतं. एकाच हाताचं अक्षर, तेच वाक्य, तोच प्रसंग, पाच वेगवेगळ्या गावांच्या अर्जांत.

शाखेत मी एकटीच बाई. त्यामुळे विधवांचे जबाब घ्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. बायका साहेबांसमोर गप्प राहत, माझ्यासमोर बोलत.

ते सलग दुसरं-तिसरं वर्ष होतं पाऊस नसल्याचं. मे महिना. शहरात टँकर चाललेले. ऑफिसात पाणी नव्हतं, म्हणून मी खोलीवरून एक तांब्या भरून आणायची आणि तो संध्याकाळपर्यंत पुरवायची.

दुपारचा एक वाजला असेल. साहेब जेवायला गेलेले. दारात एक बाई उभी राहिली. साठीला टेकलेली, हिरवट विटकं लुगडं, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण, डाव्या भुवईवर जुनी खोक. पायात काही नाही. निलंग्याच्या एसटीनं आली असेल असं मला वाटलं. मी बसा म्हटलं तर समोरच्या बाकावर बसली. नाव विचारलं.

"सोजर. माणिकची बायकू." मग गावाचं नाव.

तो अर्ज माझ्या टेबलावरच होता. मी म्हटलं, "मावशी, तुमचा अर्ज आलाय की. तुमच्या थोरल्या दिरांनी, नरहररावांनी पाठवलाय. त्यांचं प्रतिज्ञापत्र पण आहे. माणिकराव सरहद्दीवर गोळी लागून गेले, दिरांच्या मांडीवर प्राण सोडला..."

"गोळी न्हाई लागली," ती म्हणाली. "लिवा बाई. मी सांगते तसं लिवा. मधी थांबू नका."

मी कागद ओढला. ती बोलत गेली आणि मी लिहीत गेले. चार पानं.

तिचा नवरा कॅम्पाच्या चिठ्ठ्या पोचवायचा. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात रझाकारांनी नरहरीला धरून नेलं आणि दोन दिवसांनी सोडून दिलं. का सोडलं ते तेव्हा कुणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नरहरी भावाला म्हणाला, मळ्यातनं वैरण आणू. दोघं गेले. सोजर भाकरी घेऊन मागून निघाली. तिला सातवा महिना होता, म्हणून हळू चालत होती.

"कडब्याच्या गंजीपाशी आले तवा हाक आयकू आली. दीर त्येला बलवत हुता... माणिक, हिकडं ये, विहिरीपाशी. तो गेला. चौघं बसले हुते आत, पायऱ्यांवर. कुऱ्हाडी हुत्या." ती थांबली नाही, आवाजही वाढला नाही. "मग खाली ढकलला. वरून दगडं लोटली. दिरानं बी लोटली. डाव्या दंडात चांदीचं कडं हुतं त्येच्या, माझ्या बापानं लग्नात घातल्यालं. काढायचं ध्यान बी ऱ्हायलं न्हाई कुनाला. दीर माघारी फिरला आन् मला बघितलं. म्हनला, तोंड उघडलंस तर पोटातलं बी ह्याच विहिरीत. म्या न्हाई उघडलं."

मी विचारलं, मूल? मुलगी झाली म्हणाली, तिचं नाव सांगितलं, तेही लिहिलं. शेवटी म्हणाली, "पानी हाय का?"

मी तांब्या पुढे केला. आमच्याकडं त्या वयाच्या बायका आधी आडनाव विचारायच्या, मग पाणी घ्यायच्या. तिनं काही विचारलं नाही. तांब्या तोंडाला लावून सगळा संपवला. मी शाईचं पॅड काढायला ड्रॉवर उघडला. अंगठा घ्यायचा होता. पॅड कोरडं पडलेलं, म्हणून शेजारच्या टेबलावरचं आणायला उठले. वळून बघते तर बाकावर कुणी नाही.

बाहेर शिपाई मामा दारातच स्टुलावर बसलेले. विचारलं तर म्हणाले, "बसली हुती की आत म्हातारी. बोलून राहिली हुती. बाहेर आली न्हाई माझ्यासमोरून." खोलीला दुसरं दार नव्हतं. तेव्हाही मला काही वेगळं वाटलं नाही. मामांचा डोळा लागला असेल, असंच मी धरलं. तांब्या मात्र रिकामा होता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तहानलेली होते, ते अजून आठवतं.

अंगठ्याशिवाय जबाबाला किंमत नाही. आठेक दिवसांनी नायब तहसीलदार अर्जांच्या पडताळणीसाठी त्याच भागात निघाले होते. मी साहेबांना विचारून जीपमध्ये बसले. चारही पानं आणि शाईचं पॅड पर्समध्ये होतं.

गावात पोचलो तेव्हा सकाळचे अकरा. नरहरराव ओसरीवर बसलेले. पांढरं धोतर, टोपी, गावात मान. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याच्या कार्यक्रमाला त्यांनाच बोलवतात, असं तलाठ्यानं वाटेत सांगितलं होतं. त्यांनी आमच्यासाठी खुर्च्या मांडायला लावल्या. मी म्हटलं, सोजरबाईंना बोलवा, त्यांनी दिलेल्या जबाबावर अंगठा घ्यायचाय.

ते हसले. "कुनी दिला जबाब? बाई, ती मुकी हाय. छत्तीस साल झाले, तोंडातनं सबूद न्हाई. गावात कुनालाबी इचारा."

मी तलाठ्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली. "खरंय मॅडम. मुक्याच आहेत त्या."

मी तारीख सांगितली. तलाठी म्हणाला, त्या दिवशी तर त्या पाझर तलावाच्या कामावर होत्या, मस्टर त्याच्याकडेच आहे. त्यानं पिशवीतून काढून दाखवलं. त्या तारखेला सोजरबाईच्या नावापुढे हजेरी आणि अंगठा. खोटी हजेरी लावतात हे मलाही माहीत होतं. पण कामावरच्या दोन बायका तिथंच उभ्या होत्या. "आमच्या संगं माती वाहत हुती की दिसभर," म्हणाल्या.

तेवढ्यात आतून ती आली. हिरवट लुगडं. हनुवटीवर तीन ठिपके. डाव्या भुवईवर खोक. तीच. तिनं माझ्याकडे बघितलं, पण ओळखीचं असं काही डोळ्यांत नव्हतं. परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

नायब तहसीलदार माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, काहीतरी घोळ झालाय. कागद ठेवा आत. नोकरी नवी आहे तुमची." त्यांचं बरोबर होतं. मुक्या बाईचा चार पानी जबाब माझ्या अक्षरात! उद्या मीच तो रचला असं म्हटलं असतं तर माझ्याकडे काय उत्तर होतं? नरहरराव मला विचारत होते, "तुम्ही कुठल्या म्हनायच्या? आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि तलाठ्याकडे बघून पुन्हा हसले.

त्या हसण्यानं असेल... मी पानं बाहेर काढली. जबाब देणाऱ्याला वाचून दाखवायचा नियमच आहे. मी सोजरबाईकडे तोंड करून मोठ्यानं वाचायला लागले.

कडब्याच्या गंजीशी आले तशी सोजरबाई खांबाला धरून खाली बसली. चांदीच्या कड्याशी आले तेव्हा तिनं आपला डावा दंड मुठीत घट्ट धरला. नरहररावांची टोपी हातात होती. ते माझ्याकडे बघत नव्हते, तिच्याकडेही नाही. अगदी बारीक आवाजात म्हणाले,

"हे कुनी सांगितलं तुमाला? तिथं ही सोडून कुनी नव्हतं."

वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं. आम्हा सगळ्यांनाच कळलं.

मी शेवटचं वाक्य वाचलं... जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे. सोजरबाईनं स्वतः पॅड ओढलं, अंगठा दाबला आणि कागदावर असा टेकवला की खालच्या दोन ओळी अजून वाचता येत नाहीत.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात समाधान काही नाही. त्या मळ्यातली विहीर दगडांनी अर्धी बुजलेली होती. तिचं पाणी वाईट म्हणून कुणी वापरत नसे. दुष्काळात तर ती कोरडीच पडलेली. पंचांसमोर तिच्यातले दगड उपसले. दहा-बारा हातांवर हाडं लागली आणि काळं पडलेलं एक कडं. सोजरबाईच्या हातात दिलं तेव्हा तिनं ते पदरानं पुसलं आणि पुसतच राहिली. केस उभी राहिली नाही. मुकी साक्षीदार, इतकी जुनी गोष्ट, आणि नरहरराव तर नंतर म्हणाले की मी तसं बोललोच नाही. त्यांच्या स्वतःच्या पेन्शनची चौकशी सुरू झाली आणि ती चालू असतानाच ते आपल्या अंथरुणात म्हातारपणानं गेले.

सोजरबाईला तिची मुलगी चाकूरला आपल्या घरी घेऊन गेली. तेवढं एक झालं. दोन वर्षांनी त्या वारल्या. पेन्शन मंजुरीचा कागद त्यानंतर आला. शेवटपर्यंत बोलल्या नाहीत.

मी खूप विचार केला आहे. दुसरी कुणी बाई त्यांच्यासारखं गोंदण आणि खोक घेऊन आली? कशासाठी? मारेकरी सोडले तर जे फक्त दोघांनी पाहिलं, ते तिला कसं ठाऊक? मला उन्हानं भास झाला म्हणावं तर शिपाई मामांनीही तिला पाहिलं, ऐकलं. मेलेल्या माणसाचं येणं मी मानत नाही. आणि इथं तर बाई जिवंत होती, पंधरा-सोळा कोसांवर डोक्यावर मातीची पाटी घेऊन चालत होती. याला काय म्हणायचं, मला माहीत नाही. शोधायचंही मी सोडून दिलं आहे.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या नांदेडच्या घरी एक वृद्ध बाई आल्या. सोबत त्यांची सून, हातात झेरॉक्स. सुनेनं घरची माहिती जमवायला अर्ज करून जुनी फाइल काढली होती. खाली माझी सही बघून पत्ता शोधत आल्या. त्या बाई म्हणजे सोजरबाईची मुलगी. त्यांना वाचता येत नाही. सुनेनं वाचून दाखवलं होतं, तरी म्हणाल्या, तुमच्या तोंडून ऐकायचंय. मी वाचलं. चष्मा दोनदा पुसावा लागला.

मुलीच्या नावापाशी त्यांनी मला थांबवलं. "काय लिवलंय?"

"रुकमिन."

"मला तर समदे रखमा म्हनत्यात. जल्मापासून. रुकमिन कुनी म्हनलंच न्हाई." मी दाखवलेल्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. "मग ती मनात मला रुकमिन म्हनत असंल."

त्यांनी माझा हात धरला, घट्ट, वयाला न शोभेल असा.

"बाई, तुमी एकलीनंच आयकलंय तिला. मी जल्मल्यापासून न्हाई आयकलं. कसा हुता हो माझ्या मायचा आवाज?"

मी सांगितलं. जरा बसका, पण गोड. शब्द सावकाश टाकायची. 'लिवा बाई' म्हणताना 'बाई' थोडं लांबवायची. त्या ऐकत राहिल्या. झालं म्हणून मी थांबले तर म्हणाल्या, "अजून एकदा सांगा."