तोवेराची चढण

तोवेरा लोंग्वेचा सायकलचा अनुभव दांडगा होता. फक्त तो सगळा कॅरिअरवर बसून घेतलेला होता.

तिचा नवरा हेझेकिया कबाझावाला, म्हणजे सायकलवरून माणसं नेणारा. बावीस वर्षं तो पुढे आणि ही मागे, पाय एका बाजूला सोडून, मांडीवर वाळवलेल्या उसिपा मासळीची टोपली. बाजार त्या कॅरिअरवरून, चर्च त्या कॅरिअरवरून, दोन्ही बाळंतपणांना दवाखान्यात गेली तीही त्यावरूनच. आणि दर वेळी मिशनची चढण आली की हेझेकिया मागे न बघता नुसतं "हं" म्हणायचा. हं म्हणजे उतर. चढाला पॅसेंजरने उतरून चालायचं आणि सायकलवाल्याने वर जाऊन थांबायचं, हा आपल्याकडचा रिवाज आहे, त्यातून पाद्रीबाबासुद्धा सुटत नाहीत. पण तोवेराचं म्हणणं, बायको म्हणजे काय पॅसेंजर असते का? दुसऱ्या खेपेला कळा सुरू असतानाही ती चढण तिने पायी चढली होती, आणि हा विषय घरात वर्षातून चारदा तरी निघायचा.

पुढे हेझेकियाचा गुडघा गेला. सायकल दाराशी नुसती उभी राहायला लागली, तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी तोवेरा चालवायला शिकली. दोनदा कसाव्याच्या शेतात पडली, एकदा कोंबड्यांत, पण शिकली. सपाटीवर मासळी घेऊन झकास जायची. चढ आला की उतरून ढकलायची.

दोन वर्षांनी सरोवराकाठच्या लॉजवाल्यांनी शर्यत काढली. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एका दमात. नवख्यांसाठी छोटी शर्यत होती, चारशे मीटर पोहणं, पंधरा किलोमीटर सायकल आणि तीन किलोमीटर पळणं. दवाखान्यातली नर्स मेव्हिस चाळिशीपुढच्या बायकांची यादी घेऊन घरोघर फिरत होती. यादी कोरी होती. तोवेराच्या अंगणात ती चहा आणि मंदासीला, म्हणजे तळलेल्या गोड गोळ्यांना, बसली, तेव्हा हेझेकियाने कागद वाचला आणि त्याला हसू आवरेना.

"घाल की नाव, लुसुंगूच्या आई," तो म्हणाला. "पोहण्यात तू मासोळी. पळतेसही, पावसाचे दोन थेंब पडले की मासळी गोळा करायला. सायकलचं तेवढं अवघड आहे. चढ आला की तू मागच्या सीटवरूनसुद्धा उतरतेस."

"मी उतरते? मला उतरवतात," तोवेरा म्हणाली आणि मेव्हिसच्या हातातलं पेन घेऊन तिने सही ठोकली.

सही झाल्यावर मेव्हिसने नियम सांगितला. सायकल एका तासात संपली नाही तर पुढे पळू देत नाहीत, घरी पाठवतात. आणि वाट मिशनच्या चढणीवरून होती. चढ ढकलत गेलं तर तास हातचा गेलाच. म्हणजे सगळी शर्यत त्या चढणीवर येऊन ठेपली. न उतरता चढायची, नाहीतर जन्मभर नवऱ्याचं हसू ऐकायचं.

सरावाचा तक्ता मेव्हिसने कागदावर लिहून दिला. एक दिवस दोन मिनिटं जोरात, दोन मिनिटं हळू, असं आठदा. एक दिवस चढ. शनिवारी लांबचा पल्ला. मध्ये विश्रांती. हेझेकियाने स्वतःची कोच म्हणून नेमणूक केली. गुडघ्यामुळे त्याला मागे पळता येत नव्हतं, म्हणून तो कॅरिअरवर बसला.

"उतरा खाली. नव्वद किलोचा कोच कुठे असतो का?"

"कोचला सगळं दिसलं पाहिजे."

"मागून काय दिसतं? माझी पाठ."

"पाठच बघायची असते. हलतेय ती. पेडल दाबू नकोस, गोल फिरव. आणि सीट चार बोटं वर घे, गुडघे हनुवटीला लागतायत."

माणूस आगाऊ होता, पण तीस वर्षं सायकलवर पोट भरलेला होता. सीट वर घेतल्यावर पाय खरंच हलके झाले. दोन मिनिटं मोजायला मात्र त्याला घड्याळ चालेना. तो भजन म्हणायचा, दोन कडवी म्हणजे दोन मिनिटं. तोवेरा जीव तोडून पेडल मारायची आणि हा मागे डोळे मिटून तिसऱ्या कडव्यात शिरलेला असायचा.

"दोनच ठरली होती ना?" ती धापा टाकत विचारायची.

"तिसऱ्यात सूर छान लागतो."

आठ आठवड्यांत सपाटीवरचे पंधरा किलोमीटर सव्वा तासावरून पन्नास मिनिटांवर आले. दम वाढला, मांड्या घट्ट झाल्या, मासळी बाजारात तासभर आधी पोचायला लागली. चढण मात्र हलेना. पायथ्याच्या आंब्याच्या झाडाशी आलं की तोवेराचा उजवा पाय आपोआप जमिनीवर. छातीत दम शिल्लक असायचा, पायात जोर असायचा, तरी पाय उतरायचा. बावीस वर्षं तो तिथेच उतरत आला होता, आता त्याला समजावणार कोण?

तोडगा हेझेकियाने काढला. "ह्या चढाला एका माणसाला उतरावंच लागतं. मग मी उतरतो. तू बसून राहा."

ऐकायला खुळचट होतं, पण लागू पडलं. झाडाशी आल्यावर तो कॅरिअरवरून मोठ्याने "उतरलो" म्हणत उतरायचा आणि पाय पेडलवरच राहायचा. पहिल्या दिवशी अर्धी चढण झाली, पुढे पाऊण, आणि दहाव्या आठवड्यात सगळी. वर पोचली की सायकल स्टँडवर लावून ती थांबायची. हेझेकिया लंगडत आला की म्हणायची, "किती वेळ लावलात. वाटेत झोपला होतात का?"

शर्यतीच्या सकाळी तोवेरा मुलाची फुटबॉलची चड्डी घालून आली. चर्चच्या बायकांनी कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाचं टोक ओढून तोंडं लपवली. तिचं लक्ष नव्हतं. पाण्यातून ती बायकांत चौथी बाहेर आली आणि सायकलला टांग मारली. कॅरिअर रिकामा होता. कोचने बसायचं नाही, असं पंचांनी सकाळीच हेझेकियाला वेगळं बोलावून सांगितलं होतं.

झाडाशी तो वाट बघत उभा होता. रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर चढून. तोवेरा जवळ आली तसा तो कठड्यावरून खाली उडी मारत ओरडला, "उतरलो, बरं का!"

बघे हसले. पण पाय पेडलवरच राहिला. तोवेरा चढत गेली. चकचकीत गिअरवाली सायकल ढकलत चाललेल्या एका पोरसवदा गड्याला तिने मागे टाकलं. वर पोचली तेव्हा हाताशी चांगली सहा मिनिटं जास्त होती.

आणि ती थांबली. सायकल स्टँडवर लावली, सीटवर हात ठेवला आणि खाली बघत उभी राहिली. कबाझा चालवणारा वर पोचला की हेच करतो. मघाचा तो गडी तिच्याकडे बघत पुढे निघून गेला, तरी तिच्या काही ध्यानात येईना.

खाली हेझेकिया उगीचच निघाला होता, गुडघ्यावर हात टेकत, एकेक पाऊल. वरून तो फार लहान दिसत होता. तोवेराला वाटलं, आपण वर येताना ह्याला अशाच दिसत असू. आपलं पाऊल न् पाऊल हा इथे उभा राहून बघत असणार. एवढ्या वर्षांत एकदाही हा आपल्याला टाकून पुढे गेला नाही. दुसऱ्या खेपेला तर ह्याने सायकल इथेच आडवी टाकली होती, धावत खाली आला होता आणि तिला धरून वर आणलं होतं. वर्षातून चारदा ती गोष्ट सांगताना तेवढा भाग ती गाळायची. तिला स्वतःचाच राग आला.

"थांबलीस कशाला?" तो खालून ओरडला.

"तुमच्यासाठी."

"अगं, शर्यत चाललीय. जा."

"या तरी वर."

तेव्हा हेझेकिया चढणीच्या मध्यावर, भर रस्त्यात, मांडी घालून बसला. "हा मी बसलो. आता येत नाही. कुणाची वाट बघणार आहेस?"

तोवेरा निघाली. सायकलची रेघ ओलांडली तेव्हा तासाला वीस सेकंद कमी होती. घड्याळवाल्या पंचाने विचारलं, "वर चांगल्या पुढे होतात म्हणे. मग अडकलात कुठे?"

"पॅसेंजर मागे राहिला होता," ती म्हणाली आणि पळायला लागली. पाय मक्याच्या पिठाच्या न्सिमाच्या गोळ्यासारखे मऊ पडले होते, तरी तीन किलोमीटर ओढले त्यांनी. शेवटून तिसरी आली. मेव्हिसने मिठी मारली, गळ्यात बिल्ला पडला, पानावर गरम मासळी वाढून हातात आली. ती तिने झाकून ठेवली आणि पुन्हा सायकल काढली.

हेझेकिया अजून तिथेच बसला होता. बिल्ला बघितला आणि उठला. तोवेराने सायकल वळवून चढाकडे तोंड केलं.

"बसा. जेवण वाढलंय तिकडे."

"चढ आहे," तो म्हणाला.

"मी हं म्हटलं का?"

तो बसला. आजवर त्या चढावर कुणाला कॅरिअरवर बसवून नेलेलं गावाने बघितलं नव्हतं. तोवेराने दात आवळून पेडल फिरवलं. मागे भजनाचं पहिलं कडवं सुरू झालं. वीस-पंचवीस हात गेले असतील, मग सायकल डुलली, दोघंही एकदमच उतरली आणि एक हँडलला, एक कॅरिअरला हात लावून ढकलत वर गेली.