आवणीला एकटीच बाई

मंडळी, भातशेती माहीत असणाऱ्यांनी जरा वाचा.

मी मूळचा सांगलीकडचा. बोईसरला कारखान्यात नोकरी आणि एकट्याची खोली. दोन महिने दर रविवारी बसून एक तैलचित्र केलं. चिखलात वाकून भाताची रोपं लावणारी, म्हणजे इकडच्या भाषेत आवणी करणारी, एक बाई. आज सकाळी ते वाळायला म्हणून दाराबाहेर खुर्चीवर ठेवलं होतं.

मासवणच्या एक मावशी आमच्या चाळीत भाजी विकायला येतात. टोपली उतरवून त्या बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आवडलं असणार.

"बाकीच्या बाया कुठं हायत?"

म्हटलं, "एकच काढली. चित्र मोकळं दिसतं."

"आवणी एकटीनं नाय होत, दादा. आज माझ्या शेतात सगळ्या, उद्या त्यांच्या शेतात मी. हिच्याकडं कोणीच नाय आलं? गावाशी भांडण झालं काय हिचं?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. भेंडी देऊन गेल्या.

मग मलाही ते चित्र बघवेना. तिच्या शेजारी आणखी चार बाया काढायला घेतल्या. लुगडी, हात, पाठी भराभर झाल्या. चेहरे इथल्याच ओळखीच्या बायकांचे द्यावेत म्हटलं. एकीला मावशींचा दिला आणि ब्रश थांबला. बोईसरला येऊन मला सहा वर्षं झालीत.

तिघी अजून बिनचेहऱ्याच्या आहेत.

तुम्ही राहता तिथं उद्या तुमची आवणी असेल, तर कोण कोण येईल?