मास्तरांचे दोन टायर

"गाडी बघायला येताना आपलं मत घरी ठेवून यायचं," असं मास्तर भाचीला म्हणाले, तेव्हा ती मागच्या सीटवर बसली होती आणि तिला मत होतं.

मास्तर शाळेतले नव्हेत. एकतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली जादा ब्रेक, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आधी आपण घाबरायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली तरी पाय थांबला नाही. न्हाव्याच्या खुर्चीत, बँकेच्या रांगेत, जेवायच्या टेबलाखाली तो मधूनच खाली दाबला जाई. त्यांची बायको पाहुण्यांना सांगायची, "घाबरू नका, ब्रेक मारतायत. भाजीत मीठ जास्त झालं असेल."

निवृत्तीनंतर लोक त्यांना जुन्या गाड्या बघायला नेऊ लागले. त्यांची रीत ठरलेली होती. विकणाऱ्याला खाली उतरवायचं, म्हणजे त्याचं तोंड बंद. घेणाऱ्याला मागे बसवायचं. मग शीतगृहामागच्या रिकाम्या मैदानात काचा खाली करून, स्टेअरिंग पूर्ण वळवून, अगदी हळू गोल फिरायचं. पाच फेऱ्या उजवीकडे, पाच डावीकडे. बॉनेट ते शेवटी उघडत, तेही विकणाऱ्याचं मन राखायला. "सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्या शहाण्या असतात," असं त्यांचं म्हणणं होतं. गोल फिरताना मात्र बेअरिंग गुणगुणतं, सांधे कटकटतात, आणि मागे बसलेल्या माणसाला ते सगळं पुढच्यापेक्षा नीट ऐकू येतं.

या कामाचे ते पैसे घेत नसत. उलट, गाडी नात्यातल्या कुणी घेतली असेल तर पुढचे दोन टायर ते स्वतःच्या पैशाने नवे बसवून देत. स्कूलच्या गाड्यांना तसेच बसवायचे: दोन यंदा, दोन पुढच्या वर्षी. पुतण्या, साडू, दोन्ही जावई, सगळ्यांच्या गाड्यांना मास्तरांचे दोन टायर लागले होते. ती त्यांची सही होती. जावयांमध्ये त्यावरून थट्टाही चाले, की सासऱ्यांनी मुलगी पूर्ण दिली आणि टायर अर्धे.

भाची फिरती नर्स होती. डोंगरावरच्या वस्त्यांत अंथरुणाला खिळलेली अकरा माणसं तिच्याकडे होती. जखमा धुवायच्या, नळ्या बदलायच्या, सुया द्यायच्या, आणि दर वेळी तारीख-वेळ टाकून लिहून ठेवायचं. सहा वर्षं तिने ही वरची फेरी सांभाळली. त्यात एक सुतार होता. कमरेखालचं अंग गेलेलं, जीभ मात्र शाबूत. पाठीवरची जखम तो तिच्याशिवाय कुणाला दाखवत नसे. बदलीवर आलेल्या एका नर्सला त्याने पट्टीसकट परत पाठवलं होतं.

हिवाळ्यात वरचा रस्ता अर्धा चिखल आणि अर्धा बर्फ असतो. तिची जुनी छोटी गाडी मागच्या हिवाळ्यात दोनदा घसरून कठड्याला लागली. यंदा कार्यालयाने कळवलं, की वरची फेरी करणाऱ्याकडे चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी. नसेल तर फेरी दुसऱ्या नर्सला. तिच्याकडे जीप होती आणि तिने अर्जही करून ठेवला होता.

म्हणून भाची मामाकडे आली. तिने तीन गाड्या हेरल्या होत्या.

पहिली पांढरी, दोन वर्षांची, आत टीव्हीएवढा पडदा. तिची मागची चाकं एरवी आराम करायची आणि पुढची घसरली की मगच कामाला लागायची. मास्तरांनी फेऱ्या मारल्या आणि गाडी थांबवली.

"काय झालं मामा?"

"काही झालं नाही. काही कळतच नाही. रस्ता शेजारच्या गावात असल्यासारखं वाटतं. आणि किंमत बघ. पडद्याचे पैसे आहेत ते, चाकांचे नव्हेत."

दुसरी हिरवी, लाकडाच्या ठेकेदाराची. सतरा वर्षांची, उंच, हाडांची. लिव्हर ओढला की चारही चाकं, सोडला की मागची दोनच. असल्या गाड्यांवर मास्तरांचा जीव. पहिल्याच फेरीत त्यांचा चेहरा उजळला आणि भाचीला वाटलं, झालं, आता हीच गळ्यात पडणार.

"ही मरायची नाही. पण तू मरशील," मास्तर म्हणाले. "रोज ऐंशी किलोमीटर. पाठीचा भुगा होईल. आणि तुझा रस्ता म्हणजे शंभर पावलं डांबर, शंभर पावलं बर्फ. लिव्हर ओढत बसशील की पेशंट बघशील?"

तिसरी राखाडी, निवृत्त मोजणी अधिकाऱ्याची. सात वर्षांची, बुटकी, लांबलचक, दिसायला अगदीच सामान्य. हिची चारही चाकं कायम जोडलेली, लिव्हरच नाही. प्रत्येक सर्व्हिसचा कागद फायलीत. मास्तर गोल फिरले. मागे बसलेल्या भाचीला फक्त खडी चिरडल्याचा आवाज आला. मग जागा बदलल्या. भाचीने मैदानातून गाडी बाहेर काढली, ओल्या उतारावर वळणात घातली, आणि पुन्हा एकदा तेच वळण घेतलं. गाडी तिच्या हातांना सगळं सांगत होती, कुठे चिखल आहे, कुठे दगड. मागे बसलेल्या मास्तरांचा पाय एकदाही दाबला गेला नाही.

"घे," ते म्हणाले.

"माझं मत घरी राहिलंय. घेऊन येऊ का?"

"ते हेच म्हणत असेल तर राहू दे तिथेच."

चार दिवसांनी मास्तर स्वतः तिला टायरवाल्याकडे घेऊन गेले. पुढचे दोन नवे कोरे, महागातले. मागचे निम्मे झिजलेले, अजून चालण्यासारखे. भाची म्हणाली, "मामा, राहू द्या ना, कशाला?" पण असं सगळेच म्हणतात. मास्तरांनी नट स्वतःच्या हाताने आवळून बघितले. हातांत आता पूर्वीचा जोर नव्हता, म्हणून पान्यावर त्यांनी अंगाचा भार दिला.

तीन महिने गाडी सुरेख चालली. सुतार खिडकीतून बघून म्हणाला, "दिसायला शवपेटी आहे, पण वेळेवर येते." मग वळणावर गाडी अडखळू लागली, जणू कुणी मागून पदर धरतंय. मग जळका वास. आणि एका सकाळी, शेवटच्या वस्तीच्या अलीकडे, मागच्या चाकांनी ओढणं सोडलं. पुढची बर्फात जागच्या जागी फिरत राहिली. भाची पिशवी खांद्याला लावून दोन किलोमीटर चढली, सुताराची पट्टी बदलली, वहीत वेळ लिहिली आणि खाली येऊन गॅरेजला फोन केला.

गॅरेजवाला मास्तरांचाच शिष्य. गाडी लिफ्टवर चढवून त्याने मास्तरांना निरोप पाठवला. असा बिघाड त्यांना बघायला आवडेल, असं त्याला वाटलं. मास्तर आले तेव्हा भाची बाकावर बसली होती. शेजारी बेकरीवाला, त्याच्या व्हॅनचं तेल बदलायचं होतं.

"या मास्तर. हे बघा." गॅरेजवाल्याने गाडीच्या पोटाखाली बॅटरी धरली. "पुढच्या आणि मागच्या चाकांमधला हा जोड. जळून कोळसा झालाय."

"फायलीत तर सगळं नीट होतं," मास्तर म्हणाले.

"गाडी नीटच होती हो. हिचे टायर बघा. पुढचे नवे, मागचे झिजलेले. झिजलेला टायर लहान असतो, तेवढंच अंतर जायला त्याला जास्त फिरावं लागतं. हा जोड बिचारा दिवसभर तेवढा फरक पोटात घालत बसतो. किती दिवस घालणार?"

"आम्ही कायम दोनच बसवले."

"स्कूलच्या गाड्यांना चालायचं, त्यांची दोनच चाकं ओढायची. लिव्हरवालीलाही चालतं, डांबरावर लिव्हर सोडलेलाच असतो. हिला सोडायला काही नाहीच. चार म्हणजे चार." तो भाचीकडे वळला. "कुठल्या शहाण्याने बसवले हे दोन?"

"मी," भाची म्हणाली.

मास्तरांनी तोंड उघडलं. "अरे, टायर तर मी..."

"मामा, चहा सांगू का तुम्हाला?" ती मध्येच म्हणाली. "बिनसाखरेचा ना?"

गॅरेजवाल्याचं लक्ष दोघांकडेही नव्हतं. त्याने गाडीच्या कप्प्यातून माहितीपुस्तिका काढली आणि थुंकी लावून पानं उलटली. "पुस्तकात छापलेलं असतं ताई, पण वाचतो कोण? हे घ्या. 'चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले.'" तो थांबला. "अहो, तुम्ही तर खाली पेन्सिलीने रेघ मारलीय."

"मारलीय."

"मग?"

"मागचे दोन पुढच्या महिन्यात घेणार होते. दर महिन्याला काहीतरी निघालं."

"पण पुढचे जुने परत लावले असते तरी चाललं असतं. नवे काढून ठेवायचे. दोन मिनिटांचं काम."

भाचीने पिशवीतून फोन काढला. गॅरेजवाल्याने पुस्तिका मास्तरांच्या हातात दिली आणि तो व्हॅनकडे गेला. मास्तरांनी चष्मा चढवला. रेघ सरळ होती. शेजारी नर्सच्या सवयीने तारीख आणि वेळ टाकलेली: ज्या दिवशी टायर बसवले तीच तारीख, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. म्हणजे घरी जाऊन तिने त्याच संध्याकाळी वाचलं होतं. त्यानंतर ती तीन महिने दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला आली होती आणि गाडी कशी आहे म्हटलं की छान आहे म्हणाली होती.

"नवा जोड यायला किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"बाहेरून मागवावा लागतो. पाच आठवडे धरा," गॅरेजवाला व्हॅनखालून म्हणाला.

भाचीने फोन लावला. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. "हो, मीच बोलतेय. गाडी पाच आठवडे नाही... हो, मग तिलाच द्या वरची फेरी. हिवाळाभर म्हणजे हिवाळाभर, मला मान्य आहे... नाही, याद्या तयार आहेत. तिला सांगा, सुताराची पट्टी आधी कोमट पाण्याने भिजवायची, मगच काढायची. तो ओरडेल. मी पाठवलंय म्हणून सांगायचं. तरी ओरडेल." तिने फोन पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन लावली. ती अडकली, तिने परत मागे घेऊन लावली.

चहा आला. मास्तरांनी कप घेतला नाही. त्यांचा पाय फरशीवर दाबलेला होता, आणि तो उचलायचं त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

"मास्तर, बरे भेटलात," बेकरीवाला म्हणाला. त्याने मघाचं सगळं ऐकलं होतं आणि त्यातलं त्याला हवं तेवढंच घेतलं होतं. "या रविवारी मोकळे आहात ना? आम्हालाही अशीच चारही चाकांची घ्यायची आहे. दोन बघून ठेवल्यात. बायकोने बजावलंय, मास्तर हो म्हणेपर्यंत पैसे हातातून सोडायचे नाहीत. या ताईंसारखी चूक नको व्हायला."

भाची पटकन म्हणाली, "जातील ना. मामा, रविवारी जेवण एक वाजता ठेवते, म्हणजे तुम्हाला सकाळ मोकळी."

बेकरीवाला उत्तरासाठी मास्तरांकडे बघत राहिला. मास्तरांनी पुस्तिका मिटली, भाचीच्या मांडीवर ठेवली, क्षणभर तिच्या खांद्यावर हात टेकला, आणि लिफ्टवरच्या गाडीखालून वाकून ते बाहेर पडले.