सोबत कोण आलंय?

माझ्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज होती. दर महिन्याला कशेळ्याहून जीपने कर्जतला जाऊन त्या पडद्याचा फोटो काढावा लागे. औषधाचे थेंब घातले की पुढे काही तास धड दिसत नाही, म्हणून नर्स आधी विचारायची, "मावशी, सोबत कोण आलंय?" मी ठोकून द्यायचे, "सून खाली उभी हाय." सून पनवेलला; ती कशाला मरायला येतेय! मशीनवर हनुवटी टेकवली, की डोकं हलू नये म्हणून नर्स ते मागून दोन्ही हातांनी धरून ठेवायची. एरवी माझ्या डोक्याला हात लावणारं घरात कुणी नाही. परतताना पाटी वाचता यायची नाही. ‘कशेळे, कशेळे’ अशी हाक ऐकून जीपमध्ये चढायचे.

परवा डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून दाखवला. "सूज उतरली. आता सहा महिन्यांनी या."

मी म्हटलं, "पुढल्या महिन्यात आले तर नाय का चालणार?"