आधी नाव, मग हात

डॉ. मालतीबाईंची माझी पहिली भेट झाली तेव्हा बाई मला दिसल्याच नाहीत. चिंचवडच्या इस्पितळात डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रिया शिकायला मी रुजू झालो आणि त्याच सकाळी त्यांच्या हुकमावरून माझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून मला पेशंटसारखं वॉर्डातल्या खाटेवर निजवण्यात आलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. वरणभातसुद्धा आयाबाईंनी भरवला. जाडजूड पुस्तकं वाचून आलेला मी मनातून चांगलाच चिडलो होतो. त्यात कुणी न बोलता अंगाला हात लावला की छातीत धस्स होई. संध्याकाळी एक खणखणीत आवाज आला, "मी मालती. डावीकडे उभी आहे. हात धरते." जीव भांड्यात पडला. पेशंटजवळ जाताना आधी नाव, मग हात, हा त्या वॉर्डाचा नियमच होता. माझ्यापुरता तो दिवसभर मुद्दाम मोडला होता.

पुढे दापोडीहून ज्ञानोबा आले. मूळचे परभणीकडचे, कंपनीत लेथवर. एक डोळा लोखंडाचा कीस उडून आधीच गेलेला आणि आता उरलेल्या डोळ्याचा पडदा सुटलेला. आम्हा सर्वांना पडद्याला एक भोक सापडलं. बाई मात्र कपाळाला दिवा लावून पाहतच राहिल्या. "पडद्यामागचं पाणी वरून उतरतंय. वर अजून एक असणार," म्हणाल्या, आणि पार कडेचं इवलंसं दुसरं भोक त्यांनी शोधून काढलं. ते राहिलं असतं तर पडदा पुन्हा सुटला असता. त्या नजरेने मी थक्क झालो, तो आजतागायत.

शस्त्रक्रियेनंतर ज्ञानोबांना न हलता पडून राहायचं होतं. दोन दिवसांत त्यांचा धीर सुटला. "न्हाई राहवत. सोडतो पट्टी," म्हणत त्यांनी हात वर नेला. तो डोळा गेला असता तर सगळाच अंधार. मी रागवणार, तोच बाई आत आल्या. "मी मालती. उजवीकडे बसतेय. हात द्या." तो हात धरून त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या. बाहेरची रांग आम्ही सांभाळली. गप्पा कसल्या, तर परभणीकडच्या ज्वारीच्या भाकरीच्या.

यथावकाश पट्टी सुटली. बाईंनी दाखवलेली बोटं ज्ञानोबांनी बिनचूक सांगितली आणि मग बाईंकडेच निरखून पाहिलं.

"तुमीच व्हय? आवाजावरनं लई उंच वाटलं व्हतं."

बाई हसल्या आणि पुढच्या खाटेकडे वळून त्यांनी आपलं नाव सांगितलं.

आज बाईंची एकसष्टी. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि आमच्यापैकी कुणाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची वेळ आलीच, तर उजवीकडून तोच आवाज ऐकू यावा.